भिंतीतला ठोका

भुसावळच्या घरांना रात्रीच्या आवाजांचे नवल नाही. जंक्शनवर गाड्या रात्रभर येत-जात असतात, भोंगे वाजतात आणि रुळांलगतच्या वस्त्यांतील माणसे निवांत झोपतात. त्यामुळे आमचे ८१ वर्षांचे वडील, नाना, ‘रात्री भिंतीत कोणीतरी ठोकतं’ असे सांगू लागले, तेव्हा घरात ते कोणीच मनावर घेतले नाही. ज्यांना दारावरची घंटा ऐकू येत नाही, त्यांना भिंतीतला ठोका कसा ऐकू येणार? वयाचा परिणाम, असे आम्ही परस्पर ठरवून टाकले. एका हितचिंतकाने तर झोपेची गोळीही सुचवली.

नाना रेल्वेच्या कॅरेज-वॅगन विभागातून निवृत्त झालेले. गाडी फलाटावर थांबली की हातोडीने चाकांवर ठोके देत जायचे आणि नादावरून चाक धड आहे की तडकलेले, हे ओळखायचे, या कामात त्यांची उमेद गेली. असा माणूस आवाजाबद्दल काही सांगतो, तेव्हा निदान भिंतीला कान लावून पाहावे, हे सुचायला आम्हांला तीन आठवडे लागले.

अखेर एका रात्री मी त्यांच्या खोलीत झोपलो. अडीचच्या सुमारास ते लघवीला उठले, फ्लश ओढून परतले आणि आडवे झाले. दोन-तीन मिनिटे गेली असतील, तोच उशाच्या भिंतीतून ‘धड्, धड्’ असा जड आवाज आला. भिंतीपलीकडे न्हाणीघर आहे. फ्लशची टाकी भरून तिची झडप मिटण्याचा तो क्षण होता. त्या वेळी उठणारे घरात एकटे नानाच; म्हणून आवाजही त्यांच्या एकट्याच्या वाट्याला. दिवसा तोच ठोका स्वयंपाकघराच्या गडबडीत विरून जात असे.

या प्रकाराला जलाघात म्हणतात. आमच्याकडचे प्लंबर ‘पाइप ठोकतोय’ एवढेच म्हणतात आणि ते अधिक नेमके आहे. पाइपातून वाहणारे पाणी एकाएकी अडले, की त्याचा सारा वेग दाबाच्या लाटेत बदलतो. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी मॉस्कोतील जलवाहिन्यांवर प्रयोग करून १८९८ मध्ये याचे गणित मांडले. सेकंदाला १ मीटर, म्हणजे वयस्कर माणसाच्या चालीने, जाणारे पाणी लोखंडी पाइपात क्षणार्धात रोखले, तर सुमारे १२० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब उसळू शकतो. प्लास्टिकच्या पाइपात तो बराच कमी, साधारण तिसरा हिस्सा. झडप सावकाश मिटली, तर ठोका जवळजवळ उरतच नाही. आमच्या टाकीतील झडपेचा वॉशर झिजल्याने ती शेवटी थरथरून फटकन मिटत होती, आणि जुन्या लोखंडी पाइपाचे दोन क्लॅम्प सैल झाल्याने पाइप भिंतीवर आपटत होता.

राहिला प्रश्न नानांच्या कानांचा. वयानुसार ऐकणे मंदावते ते सहसा आधी उंच पट्टीचे: घंटा, पाखरांची किलबिल, बोलण्यातले ‘स’ आणि ‘फ’. खालच्या पट्टीचे जड आवाज त्यानंतरही बराच काळ ऐकू येत राहतात. शिवाय पलंग भिंतीला टेकलेला असेल, तर ठोका अंगालाही जाणवतो. उतारवयात गाढ झोपेचा वाटा कमी झालेला असतो. गाडीचा आवाज आयुष्यभराच्या ओळखीचा. उशाशी अवचित बसणारा ठोका तसा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत शयनगृहातील सलग आवाज ३० डेसिबलच्या आत आणि एकेकटा आवाज ४५ च्या आत असावा, असे म्हटले आहे.

पलंग त्याच रात्री भिंतीपासून वीतभर सरकवला. दुसऱ्या दिवशी प्लंबरने वॉशर बदलला, क्लॅम्पखाली रबराची पट्टी घालून ते आवळले आणि टाकीचा अँगल कॉक थोडा फिरवून पाण्याची धार कमी केली. सकाळभराचे काम. दोष शोधण्याची रीत सोपी आहे: एकाने फ्लश ओढावा, दुसऱ्याने टाकी भरेपर्यंत भिंतीवर तळवा ठेवावा. मात्र गच्चीवरच्या टाकीपर्यंत शिडीने चढण्याचे काम ज्येष्ठांनी करू नये, कितीही उत्साह असला तरी.

आपल्या गावी आणखी दोन आवाज ओळखून ठेवावेत. नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा रिकाम्या पाइपात हवा साठते आणि पाणी आले की ती फुसफुसत, गचके देत बाहेर पडते. अशा वेळी सर्वांत खालचा नळ हळूहळू उघडावा. दुसरा आवाज खानदेशी उन्हाचा. गच्चीवरचा १० मीटर लांबीचा सीपीव्हीसी पाइप ३० अंशांनी तापला तर सुमारे २ सेंटिमीटर वाढतो, आणि रात्री निवताना घट्ट क्लॅम्पमध्ये अडकून टकटकतो. तिथे क्लॅम्प आवळायचे नसतात. पाइपाला सरकायला जागा द्यायची असते.

ठोका नाडीच्या तालात ऐकू येत असेल, किंवा नळ, फ्लश, पंप यांपैकी कशाशीच जुळत नसेल, तर मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. झोपेच्या गोळ्या परस्पर सुरू करू नयेत. त्यांमुळे वृद्धांचा तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो, आणि रात्री लघवीला उठणाऱ्याला तो अधिकच.

नाना अजूनही रात्री उठतात. त्याबद्दल डॉक्टरांशी बोलणे चालू आहे. परत येऊन ते निजतात, आणि झोप लागते. परवा सकाळी चहा घेताना म्हणाले, ‘‘उजवीकडचा क्लॅम्प पुन्हा सैल व्हायला लागलाय.’’ मी कप खाली ठेवला आणि प्लंबरला फोन लावला.