अख्ख्या फोनची नक्कल

ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत टी-मोबाइल जी-वन बाजारात आला. अँड्रॉइडवर चालणारा हा पहिला फोन, आणि त्याच्या पोटात साठवण अवघी २५६ एमबी. काही आठवड्यांतच त्यात एक गमतीदार भोक सापडलं. कीबोर्डवर टाइप केलेलं सगळं पडद्याआड मुख्य प्रणालीकडेही हुकूम म्हणून पोचत होतं. कुणी गप्पांच्या ओघात ‘रीबूट’ लिहून एंटर दाबलं, की फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा! गूगलने ते भोक झटपट बुजवलं, पण तोवर हौशी मंडळी आत शिरली होती.

आत शिरल्यावर बदल करायची खुमखुमी आलीच. बदल फसला तर परतायला वाट हवी, म्हणून ‘नॅन्ड्रॉइड’ बॅकअप आला. बूट, सिस्टिम, डेटा असे फोनच्या नँड मेमरीतले विभाग जसेच्या तसे मेमरी कार्डावर उतरवून घ्यायचे. नवी रॉम, म्हणजे हौशी मंडळींनी बदललेली प्रणाली, बिनसली की रिकव्हरीत, म्हणजे प्रणालीबाहेरच्या दुरुस्तीच्या पडद्यावर, जाऊन तेच विभाग परत भरायचे. मेसेज, अलार्म, अर्धवट खेळलेला गेम, सगळं होतं तिथे. माझ्या मते कस्टम रॉमचा सारा डोलारा या नकलेवर उभा होता. कौतुक रॉम बनवणाऱ्यांचं झालं, विशेषतः सायनोजेनमॉडच्या स्टीव्ह कोंडिकचं, आणि ते रास्तच होतं. पण रात्री घातलेली रॉम सकाळी कामावर जाण्याआधी काढता येते, ही खात्री नसती तर रोजच्या वापरातल्या फोनवर प्रयोग करायला किती जण धजावले असते?

सप्टेंबर २००९ मध्ये गूगलने कोंडिकला नोटीस धाडली : जीमेल, यूट्यूब, मार्केट ही आमची अ‍ॅप्स तुमच्या रॉममधून वाटू नका. त्यावरचा तोडगाही बॅकअपचाच निघाला. रॉम गूगलच्या अ‍ॅप्सविना द्यायची, आणि मालकाने स्वतःच्या फोनमधली अ‍ॅप्स आधी बाजूला काढून नंतर परत घालायची. पुढे ती वेगळ्या झिप फाइलींतून सर्रास फिरू लागली, ते सोडा.

आपल्याकडे फोन रूट करण्यामागे, म्हणजे प्रणालीचा पूर्ण ताबा मिळवण्यामागे, आणखी एक कारण होतं. अँड्रॉइड ४ येईपर्यंत कितीतरी फोनांवर मराठी मजकुराच्या जागी नुसते चौकोन दिसत. रूट करून देवनागरी फाँट बसवला तरी जोडाक्षरं फुटायची आणि पहिली वेलांटी भलतीकडे जाऊन बसायची. मराठी वाचता यावं एवढ्यासाठी सिस्टिम विभागात हात घालायचा, म्हणजे बॅकअप आलाच.

२०१० च्या सुमारास कौशिक दत्ता यांच्या क्लॉकवर्कमॉड रिकव्हरीने हे काम सामान्य माणसाच्या आवाक्यात आणलं. आवाजाच्या बटणांनी वर-खाली जायचं. डेटा पुसण्याआधी पडद्यावर ‘नो’ची लांबलचक रांग यायची आणि तिच्यात एकच ‘येस’ दडलेला असायचा. पाठोपाठ टीडब्ल्यूआरपी ही दुसरी रिकव्हरी आली, तिला नुसतं बोट पुरे. तरी खाचखळगे होतेच. बॅकअपच्या फोल्डरला हौसेने नवं नाव दिलं आणि त्यात मोकळी जागा सोडली, की क्लॉकवर्कमॉड ‘एमडीफाइव्ह मिसमॅच’ म्हणून हात वर करायची. आयएमइआय क्रमांकाशी निगडित ईएफएस विभाग नेहमीच्या बॅकअपमध्ये बहुधा नसायचा. तो बिघडला की गॅलेक्सी एससारखा फोन सुरू व्हायचा, पण नेटवर्क गायब. सर्वांत वाईट म्हणजे, मेमरी कार्डाची खाच नसलेल्या फोनांत बॅकअप फोनमध्येच राहायचा आणि ‘फॉरमॅट डेटा’बरोबर तोही जायचा. तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच ठेवण्यातला प्रकार.

मग फोन आतून बदलला. एन्क्रिप्शन सरसकट झालं आणि त्याच्या किल्ल्या चिपमधल्या सुरक्षित कोपऱ्याशी बांधल्या गेल्या. फोन एकदा फॉरमॅट झाला की जुन्या डेटाची नक्कल तिथे भरूनही उघडेना. नक्कल नीट भरली गेली तरी कधी बरोबर पिनच चुकीचा ठरायचा. म्हणून जाणकार बॅकअपपूर्वी पिन काढून टाकायला सांगत. २०१६ च्या पिक्सेलपासून प्रणालीच्या दोन प्रती आल्या आणि रिकव्हरीचा स्वतंत्र विभागच नाहीसा झाला. अँड्रॉइड १० च्या पिढीत सिस्टिमचे विभाग ‘सुपर’ नावाच्या एका मोठ्या विभागात गेले. विभागवार नकलेची जुनी घडीच मोडली. दरम्यान, २०१६ च्या अखेरीस सायनोजेनमॉडमागच्या सायनोजेन कंपनीने सेवा गुंडाळल्या आणि त्या रॉमच्या जागी लिनिएजओएस पुढे आली. या बदलांतलं एन्क्रिप्शन मला मान्य आहे. चोरलेल्या फोनमधला डेटा कुणालाही वाचता यावा, असं कोण म्हणेल? पण चोराला अडवताना मालकाच्या हातची पूर्ण नक्कलही गेली. तिच्या बदल्यात त्याला काही द्यायला हवं होतं, ते फारसं कुणी दिलं नाही.

२०२१ च्या लिनिएजओएस १८.१ मध्ये सीडव्हॉल्ट हे बॅकअपचं साधन आलं. ते बारा शब्दांच्या संकेतावर अ‍ॅप्स आणि त्यांचा डेटा जपतं. अख्खा फोन नव्हे. मुळात कंपनीची प्रणाली सोडतानाच गाडी अडते. फोन सुरू करणारा बूटलोडर कुलूपबंद असतो. तो उघडला की डेटा पुसला जातो, आणि पूर्ण बॅकअप घेणारी रिकव्हरी बूटलोडर उघडल्याशिवाय चढत नाही. रूटविना चालणारी ‘एडीबी बॅकअप’ ही जुनी आज्ञा होती, पण अँड्रॉइड १२ साठी बनलेल्या अ‍ॅप्सचा डेटा ती उचलत नाही. म्हणून आज रॉम टाकणारा आधी फोटो संगणकावर उतरवतो, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप वेगळा घेतो, ओटीपी देणारी अ‍ॅप्स दुसऱ्या फोनवर हलवतो आणि कोऱ्या फोनवर पुन्हा एकेक अ‍ॅप बसवत जातो. बँकेचं अ‍ॅप चालेल का, हे त्यानंतर कळतं.