जुनं मांजर, नवं मांजर आणि मधलं दार

हितोपदेशात जरद्गव नावाच्या आंधळ्या गिधाडाची गोष्ट आहे. दीर्घकर्ण नावाचं मांजर त्याच्या झाडाशी येतं, धर्माच्या गोष्टी करून ढोलीत जागा मिळवतं, पक्ष्यांची पिल्लं फस्त करून निघून जातं. जीव मात्र गिधाडाचा जातो. ज्याचं कुळ-शील ठाऊक नाही त्याला थारा देऊ नये, असं तिथं सांगितलं आहे. घरात एक मांजर असताना आपण दुसरं आणतो, तेव्हा जुनं मांजर नेमका हाच आक्षेप घेत असतं. आपण त्याला मत्सर म्हणतो. माझ्या मते हे निदानच चुकीचं आहे, आणि निदान चुकलं की उपायही चुकतो.

वाणगाव, बोईसर, तारापूर या पट्ट्यात असे प्रसंग वरचेवर येतात. वसाहतीतल्या कुणाची बदली होते, खोली रिकामी होते, मांजर मागे उरतं. किंवा चिंचणीकडे वाळत घातलेल्या बोंबलांच्या आसऱ्यानं वाढलेलं पिल्लू कुणी तरी उचलून आणतं. घरी आधीच आठ-दहा वर्षांची भाटी असते. दोघींना समोरासमोर सोडायचं आणि ‘होईल सवय’ म्हणायचं, ही आपली रीत. मग फिस्कारणं, फुगलेल्या शेपट्या, आणि म्हातारी भाटी कौलांवर जाऊन बसते ती जेवायलाही उतरत नाही.

याचं मूळ फार जुनं आहे. घरमांजर ‘फेलिस लिबिका’ या रानमांजरापासून आलं, हे २००७ साली कार्लोस ड्रिस्कॉल आणि सहकाऱ्यांनी जनुकीय पुराव्यानं दाखवलं. सायप्रसमध्ये सुमारे ९५०० वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडल्याचं २००४ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे सोबत जुनीच. पण हा पूर्वज एकटा राहणारा, एकट्यानं शिकार करणारा. उंदीर तो केवढा, त्यात वाटेकरी कसला! आपल्या रानातली वाघाटीही एकटीच हिंडते. कुत्र्याचे पूर्वज कळपातले, त्यामुळे हार मानायची, समेट करायची भाषा कुत्र्याकडे आहे. मांजराकडे ती फारच तोकडी. भांडण मिटवण्यापेक्षा टाळणं, एवढंच त्याला नीट जमतं.

तरी मासळी बाजारात मांजरांचे घोळके दिसतातच. अन्न मुबलक असलं की आया, लेकी, मावश्या एकत्र राहतात, एकमेकींची पिल्लंही पाजतात. त्या एकमेकींना ओळखतात मुख्यतः वासानं. अंगाला अंग घासून सगळ्यांचा मिळून एक वास तयार होतो. तो नसेल तो परका. आपली भाटी चौकटीला, कपाटाला, आपल्या पायाला गाल घासते, ते या हद्दीवर गालातल्या ग्रंथींची मोहोर उमटवणं असतं. टाळूत वास टिपणारं आणखी एक इंद्रिय असतं. काही हुंगून मांजर तोंड अर्धवट उघडं ठेवतं तेव्हा ते कामाला लागलेलं असतं.

म्हणून ओळख आधी नाकाची, मग डोळ्यांची. नव्या मांजराला पहिले दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावं. ते मुख्यतः रोगासाठी. पॅनल्युकोपेनियाचा विषाणू फरशीवर, चपलांवर महिनोन्‌महिने टिकतो, तेव्हा डॉक्टरांना दाखवून लसीकरण व्हायलाच हवं. नसबंदीही. पण हेच दिवस वासासाठीही वापरता येतात. एकीच्या गालावरून फिरवलेला पंचा दुसरीच्या अंथरुणाजवळ ठेवावा. ती फिस्कारली तर फिस्कारू द्यावं. पंचा काही उलटून बोचकारत नाही. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना ताटल्या, आधी लांब, रोज थोड्या जवळ. मांदेलीची डोकी असतील तर काम लवकर होतं. त्यानंतर जाळीचं दार. डासांमुळे आपल्याकडे ते बहुतेक घरांत असतं, आणि याहून सोयीचं साधन पाश्चात्त्य पुस्तकांतही सांगितलेलं नाही!

पहिली खरी भेट पाच-दहा मिनिटांची पुरे. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, घरात मांजर असताना दुसरं आणणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांनी सुरुवातीला मारामारी झाल्याचं सांगितलं. आणि जिथं पहिली भेट वाईट झाली तिथं पुढेही भांडणं होत राहण्याचं प्रमाण जास्त होतं. पहिल्या भेटीत घाई नको ती यासाठी. शेपूट सरळ वर असेल तर चांगलं. इंग्लंडमधल्या एका प्रयोगात कागदी मांजराकृती लावल्या होत्या, तेव्हा शेपूट उभारलेल्या आकृतीकडे मांजरं अधिक तत्परतेनं गेली. कान मागे चिकटलेले आणि नजर रोखलेली असेल, तर भेट तिथंच थांबवावी. मारामारी जुंपलीच तर हात घालू नये, मध्ये सूप किंवा पुठ्ठा सरकवावा. ताटल्या वेगळ्या, मातीचे ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, आणि म्हातारीच्या नेहमीच्या जागेला धक्का नको.

खरा धोका बोचकाऱ्यांचा नाहीच. मनावर ताण आलेलं मांजर खाणं सोडतं, आणि दोन-तीन दिवसांच्या उपासानंतर यकृतात चरबी साचू लागते. लठ्ठ मांजरात तर लवकरच. बोका वारंवार ट्रेमध्ये बसून कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. मूत्रमार्ग तुंबलेला बोका दोन दिवसांत दगावू शकतो. आपल्याकडच्या दवाखान्यांना सवय गाई-म्हशींची. मांजरांवर उपचार करणारा डॉक्टर बोईसर-पालघरला कुठं आहे, हे नवं मांजर आणण्याआधीच विचारून ठेवलेलं बरं.

या सगळ्याला कधी तीन आठवडे लागतात, कधी सहा महिने. काही जोड्या एकमेकींना चाटत झोपतात. बऱ्याच मात्र घराची वेळेनुसार वाटणी करतात. सकाळी ओटी म्हातारीची, दुपारी नवीची. माळ्यावर एकी असताना दुसरी चढत नाही. माणसाला हे तुटक वाटतं, मांजरांना ते पुरतं.