सहा खोल्यांत काय शिरलं, काय नाही

अटलांटा शहराच्या दक्षिणेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, जॉर्जिया राज्यातल्या पाइन माउंटनच्या परिसरात वॉर्म स्प्रिंग्ज हे छोटं गाव आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं ‘लिटल व्हाइट हाउस’ इथल्या झाडीत उभं आहे. न्यूयॉर्कचे गव्हर्नर असताना १९३२ साली त्यांनी ते बांधून घेतलं आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९४८ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. दारापुढचे पांढरे खांब सोडले तर रुबाब असा कुठेच नाही. सहा खोल्या, पाइनच्या लाकडाच्या भिंती, बसण्या-जेवणाची खोली एकच, झोपायची खोली जेमतेम, मागे जहाजाच्या डेकसारखा सज्जा. जगातल्या बलाढ्य देशाचा प्रमुख इतक्या साध्या घरात राहायचा, असा उद्गार इथे सहज निघतो. साधी राहणी दिसली की उच्च विचारसरणी तिला आपणच जोडून देतो. पण हे घर नीट पाहिलं तर त्याचं मोल लहानपणात नाही. बाहेरचं जग या घरात किती शिरलं आणि कुठे अडलं, हे इथे समजतं आणि त्यातच त्याचं महत्त्व आहे.

साधेपणाबद्दलचा आक्षेप आधी मान्य करून टाकू. रूझवेल्ट गर्भश्रीमंत होते, न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्कला त्यांचा वडिलोपार्जित वाडा होता. ज्याला वाडा आहे त्यानं लहान घर बांधणं हा त्याग नव्हे. शिवाय हे घर साधेपणाच्या हौसेपोटी झालेलं नाही, आजारामुळे झालं. १९२१ मध्ये, वयाच्या ३९व्या वर्षी पोलिओनं त्यांचे पाय गेले. इथल्या झऱ्याचं पाणी बारा महिने सुमारे ३१ अंश सेल्सिअस असतं आणि त्यात व्यायाम केल्यानं बरं वाटतं, असं ऐकून ते १९२४ मध्ये प्रथम आले. पाय परत आले नाहीत. पण १९२६ मध्ये त्यांनी आपल्या संपत्तीचा मोठा हिस्सा घालून तो सगळा परिसर विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी पोलिओग्रस्तांसाठी संस्था उभी केली. त्यांची चाकाची खुर्ची छायाचित्रांत येऊ नये याची राजधानीत काळजी घेतली जाई. इथल्या तलावात मात्र ते रुग्णांमधले एक रुग्ण होते. हातानं चालवता येईल अशी फेरफार केलेली त्यांची फोर्ड मोटार संग्रहालयात आहे. तीच घेऊन ते आसपासच्या शेतवाटांवर स्वतः फिरत.

त्या वाटांवर त्यांना दिसलेला ग्रामीण दक्षिण भाग गरीब आणि अंधारात होता. १९३८ मध्ये जवळच्याच बार्न्सव्हिल गावातल्या भाषणात त्यांनी सांगितलं की, इथलं विजेचं पहिलं बिल हाइड पार्कच्या दराच्या चौपट होतं आणि तिथूनच गावोगावी स्वस्त वीज नेण्याचा विचार सुरू झाला. त्यांच्या सरकारनं ग्रामीण विद्युतीकरणाची यंत्रणा १९३५ मध्ये उभारली, तेव्हा देशातल्या दहापैकी जेमतेम एका शेतघरात वीज होती. यावर इतिहासकार म्हणतील की एका बिलानं धोरण होत नसतं. सिनेटर जॉर्ज नॉरिस यांच्यासारखे लोक सार्वजनिक विजेसाठी कितीतरी आधीपासून झगडत होते, टेनेसी खोऱ्याचा प्रकल्पही १९३३ मध्येच सुरू झाला होता. हे खरंच आहे. बिलानं धोरण घडवलं नाही; पण ज्याच्या हाती निर्णय होता, त्याला प्रश्न आकडेवारीत भेटण्याआधी घरात भेटला. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना कर्ज देऊन तारा ओढण्याची योजना त्यांना का पटली असावी, हे इथे उमगतं.

मग अडलं कुठे? त्याचं उत्तर स्वयंपाकघरात आहे. डेझी बॉनर या कृष्णवर्णीय स्वयंपाकिणीनं भिंतीवर स्वतः लिहून ठेवलंय की या घरात राष्ट्राध्यक्षांसाठी पहिलं आणि शेवटचं जेवण तिनंच रांधलं. तिच्यासारख्यांच्या श्रमांवर हा सगळा परिसर चालत होता, मात्र उपचारांच्या तलावात कृष्णवर्णीय रुग्णांना जागा नव्हती. त्यांच्यासाठी वेगळं केंद्र १९४१ मध्ये अलाबामातल्या टस्कीगीला निघालं. त्या काळच्या दक्षिणेत दुसरं काय शक्य होतं, असा बचाव केला जातो. दक्षिणेतल्या खासदारांच्या मतांशिवाय रूझवेल्ट यांचे कायदे मंजूर होणं कठीण होतं, हेही खोटं नाही. पण ही जागा त्यांनीच विकत घेतली होती, संस्था त्यांनीच काढली होती. राजधानीतल्या तडजोडींचं कारण इथे पुरेसं पडत नाही. विजेची गैरसोय त्यांनी स्वतः सोसली, म्हणून ती कळली. वर्णभेदाची झळ त्यांना कधीच लागली नव्हती.

१२ एप्रिल १९४५ रोजी याच घरात, चित्रकार एलिझाबेथ शूमाटॉफ त्यांचं चित्र काढत असताना, मेंदूत रक्तस्राव होऊन रूझवेल्ट कोसळले आणि काही तासांत गेले. ते अपुरं चित्र पाहायला लोक गर्दी करतात, ते स्वाभाविकच आहे. पण पुढाऱ्यांची घरं जपायची ती केवळ हळहळण्यासाठी नव्हे. सत्तेतल्या माणसाला सामान्यांचं जगणं किती कळलं आणि कुठल्या भिंतीपाशी ते कळणं थांबलं, हे तपासायला ती उपयोगी पडतात. इथे विजेचं बिल आणि स्वयंपाकघराची भिंत हे दोन्ही पुरावे एकाच गावातले आहेत. त्यातला एकच सांगणारी सहल अर्धीच म्हणावी लागेल.