मक्याच्या माणसांच्या कथा : मेसोअमेरिकेचे लोकवाङ्मय आणि मुलांची पुस्तके

मेक्सिकोच्या मध्य पठारापासून ग्वातेमाला आणि बेलीझ ओलांडून होंडुरासपर्यंत पसरलेल्या भूभागाला अभ्यासक ‘मेसोअमेरिका’ म्हणतात. मका हे मुख्य पीक, पायऱ्यांची मंदिरे, रबरी चेंडूचा धार्मिक खेळ आणि सूक्ष्म कालगणना ही या प्रदेशातील अनेक संस्कृतींची समान खूण मानली जाते. येथील कथा मुलांसाठी सांगणारी इंग्रजी आणि स्पॅनिश पुस्तके गेल्या अर्धशतकात मोठ्या संख्येने निघाली. मात्र त्यांपैकी बऱ्याच पुस्तकांत ॲझ्टेक आणि माया हे लोक जणू पिरॅमिड मागे ठेवून नाहीसे झाले अशा थाटात येतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. ॲझ्टेकांची नाहुआत्ल भाषा आज मेक्सिकोत सुमारे १६ लाख लोक बोलतात, आणि माया हे एका भाषेचे नव्हे तर सुमारे तीस भाषांच्या कुळाचे नाव असून त्या भाषांतून या कथा अजूनही घरोघरी सांगितल्या जातात. म्हणूनच मुलांसाठी केलेल्या कोणत्याही पुनर्कथनाचे मोल ठरवताना, ती कथा कोणाच्या तोंडून आली आणि ते पुस्तकात सांगितले आहे की नाही, हा प्रश्न चित्रांच्या देखणेपणाच्या आधी विचारावा लागतो.

या कथा लेखी स्वरूपात उरल्या, यामागे मोठ्या विध्वंसाचा इतिहास आहे. १५६२ साली युकातानमधील मानी या गावी दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने माया लोकांचे चित्रलिपीतील ग्रंथ जाळले, आणि स्पॅनिश आक्रमणापूर्वीच्या परंपरेतील असे अवघे चार माया ग्रंथ आज शिल्लक आहेत. पण त्याच शतकाच्या मध्यास ग्वातेमालाच्या डोंगराळ भागातील किचे माया लोकांपैकी काही जाणत्यांनी आपली सृष्टिकथा आणि वंशकथा रोमन लिपीत, परंतु किचे भाषेतच लिहून ठेवली. हाच ‘पोपोल वुह’ हा ग्रंथ होय. अठराव्या शतकाच्या आरंभी चिचिकास्तेनांगो येथील फ्रान्सिस्को शिमेनेझ या धर्मोपदेशकाने त्याची नक्कल करून शेजारच्या रकान्यात स्पॅनिश भाषांतर लिहिले. मूळ प्रत हरवली, ही नक्कल मात्र शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आहे. तिकडे मेक्सिकोत बेर्नार्दिनो दे साआगुन या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने नाहुआ वृद्धांना प्रश्न विचारून आणि सुशिक्षित नाहुआ तरुणांच्या हातून उत्तरे लिहवून बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला, जो फ्लोरेन्समध्ये जतन झाल्यामुळे ‘फ्लोरेन्टाइन कोडेक्स’ या नावाने ओळखला जातो. ॲझ्टेक कथांची बहुतेक बालपुस्तके शेवटी याच ग्रंथाकडे, किंवा ‘सूर्यांची आख्यायिका’ या १५५८ च्या नाहुआत्ल लेखाकडे, येऊन पोचतात.

‘पोपोल वुह’मधील सर्वांत मुलांजोगा प्रसंग कोणता, असे विचारले तर लाकडी माणसांच्या प्रसंगाचे नाव घ्यावे लागेल. देवांनी आधी मातीची माणसे केली, ती पाण्यात विरघळली. मग लाकडाची केली, ती चालली, बोलली, वाढली, पण त्यांच्या ठायी ना काळीज होते ना निर्मात्याची आठवण. तेव्हा आभाळातून काळ्या डिंकाचा पाऊस पडला आणि घरातल्या वस्तू उठल्या. ज्या पाट्यावर रोज मका वाटला जाई तो पाटा आता तुमचे पीठ करतो म्हणाला, चुलीवर करपलेली मडकी आणि तवे काजळलेली तोंडे घेऊन अंगावर धावले, आणि जेवताना काठी उगारून ज्यांना हाकलले जाई ती कुत्री चावायला आली. माणसे छपरावर चढली तर घर कोसळले, झाडावर चढली तर झाडाने झटकून दिले, गुहेकडे धावली तर गुहेचे तोंड मिटले. जी वाचली त्यांची माकडे झाली. पाचवीला पाटा-वरवंटा पुजणाऱ्या मराठी घरातील मुलाला ही कथा समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. यानंतर पिवळ्या आणि पांढऱ्या मक्याच्या पिठापासून घडलेली माणसे टिकली, आणि आजचे माया स्वतःला त्यांचेच वंशज मानतात.

या ग्रंथाचे मुलांसाठीचे सर्वांत विश्वसनीय रूप व्हिक्टर मोन्तेहो यांनी १९९९ साली दिले, ज्याला लुइस गराय यांची चित्रे आहेत. मोन्तेहो हे ग्वातेमालातील जाकालतेक माया. ते गावातील शाळेत शिक्षक होते, १९८२ मध्ये यादवीच्या काळात सैन्याने त्या गावावर केलेल्या हल्ल्यातून ते वाचले, देश सोडून अमेरिकेत गेले आणि पुढे मानवशास्त्राचे प्राध्यापक झाले. बालपणी ऐकलेल्या कथांचा त्यांचा ‘जग स्वच्छ करणारा पक्षी’ हा संग्रह १९९१ साली इंग्रजीत निघाला. त्याच्या शीर्षककथेत महापुरानंतर पाहणीला पाठवलेले गिधाड मेलेली जनावरे खात रमते आणि त्याच्यावर जगाच्या साफसफाईचे काम कायमचे येऊन पडते. ज्या यादवीत माया गावेच्या गावे पुसली गेली, त्या काळातून आलेल्या लेखकाने आईबापांच्या कथा मुलांसाठी लिहिणे, ही गोष्ट बालसाहित्याच्या नेहमीच्या मापाने मोजता येत नाही.

ॲझ्टेक कथांच्या बाबतीत पुनर्कथनकारापुढे अधिक अवघड पेच उभा राहतो, आणि पाचव्या सूर्याची कथा त्याचे उत्तम उदाहरण आहे. या लोकांच्या समजुतीनुसार याआधी चार सूर्य, म्हणजे चार युगे, नष्ट झाली. पाचवा सूर्य होण्यासाठी तेओतिहुआकान येथे देवांनी अग्नी पेटवला. तेकुसिस्तेकात्ल या श्रीमंत देवाने केत्झाल पक्ष्याची पिसे आणि सोन्याचे गोळे अर्पण केले. अंगभर फोड आलेल्या नानाहुआत्झिनजवळ बोरूच्या मोळ्या, घायपाताचे स्वतःच्या रक्तात भिजवलेले काटे आणि धुपाऐवजी फोडांच्या खपल्या एवढेच होते. श्रीमंत देव चार वेळा ज्वाळांपर्यंत जाऊन मागे फिरला, तर नानाहुआत्झिनने डोळे मिटून उडी घेतली. तो सूर्य झाला, आणि लाजेने मागोमाग उडी घेणारा चंद्र. दोघेही सारखेच तळपू लागले, तेव्हा एका देवाने चंद्राच्या तोंडावर ससा फेकून त्याचे तेज मंद केले. चंद्राला शशांक म्हणणाऱ्या वाचकाला हा शेवट ओळखीचा वाटेल.

मात्र मूळ कथा तेथे संपत नाही. सूर्य उगवतो पण जागचा हलत नाही, आणि त्याला गती मिळावी म्हणून सर्व देव आपले प्राण देतात. बहुसंख्य बालपुस्तके सशापाशीच थांबतात, कारण पुढे आत्मबलिदान आणि त्यामागोमाग मानवबळीचा विषय येतो. हा संकोच समजण्यासारखा असला तरी योग्य नाही. जग उधारीवर चालले आहे आणि ते ऋण फेडावे लागते, ही या संस्कृतीची मध्यवर्ती धारणा त्या गाळलेल्या भागात आहे. ती काढली की उरते ती केवळ गरीब विरुद्ध श्रीमंत अशी बोधकथा. रामायण-महाभारतातील मृत्यू पचवणारी मुले हेही पचवतील.

देवकथांच्या तुलनेत प्राणिकथांचा प्रवास मोकळेपणाने झालेला दिसतो. सोळाव्या शतकातच इसापाच्या कथा नाहुआत्लमध्ये उतरल्या आणि त्यांत कोयोटी, म्हणजे कोल्ह्याच्या जातीचा तेथील प्राणी, नायक झाला. त्यांतील निवडक कथा जॉन बिअरहोर्स्ट यांनी १९८७ साली ‘डॉक्टर कोयोटी’ या पुस्तकात मुलांपुढे ठेवल्या. ओआहाका राज्यातील झापोतेक लोकांची ससा आणि कोयोटी यांची कथा नातालिया तोलेदो या कवयित्रीने झापोतेक आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत सांगितली, आणि तिला तिचे वडील, प्रख्यात चित्रकार फ्रान्सिस्को तोलेदो, यांची चित्रे आहेत. शेतात चोरी करणारा ससा मेणाच्या बाहुल्याला चिकटतो, कोयोटीला फसवून सुटतो आणि अखेर शिडीने चंद्रावर चढून बसतो. हातपाय एकेक करून चिकटण्याचा हाच प्रसंग पंचावुध जातकात राजपुत्र आणि राक्षस यांच्यात घडतो, आणि ऑरेलिओ एस्पिनोसा या लोकसाहित्य-अभ्यासकाने तर चिकट बाहुल्याच्या कथेचे मूळ भारतातच शोधले होते. हे मत सर्वमान्य नाही. आफ्रिकेतून गुलामांसोबत ती अमेरिकेत पोचली असे मानणारेही पुष्कळ आहेत.

चित्रपुस्तकांच्या प्रकाशनाचा इतिहास येथे थोडक्यात पाहणे पुरे. हॅरिएट रोमर यांनी १९७५ साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेल्या प्रकाशनसंस्थेने द्विभाषिक पुस्तकांचा पायंडा पाडला. केत्झालकोआत्ल हा देव मुंगी होऊन डोंगराच्या पोटातून मका आणतो ती कथा या संस्थेने १९८२ साली छापली. डेव्हिड विस्नीव्स्की यांचे १९९१ चे ‘रेन प्लेअर’ कातरलेल्या कागदाच्या विलक्षण चित्रांमुळे गाजले. पण त्यातील कथा लेखकाने स्वतः रचलेली असल्याने तिला माया लोककथा म्हणता येणार नाही. याउलट डंकन तोनातिउ हे मेक्सिकोत जन्मलेले चित्रकार मिश्तेक लोकांच्या प्राचीन चित्रग्रंथांतील सपाट, एका बाजूने दिसणाऱ्या आकृतींची शैली मुद्दाम वापरतात, आणि त्यांच्या २०१६ च्या दोन ज्वालामुखींच्या प्रेमकथेत व २०२० च्या पाच सूर्यांच्या कथेत ती शैली कथेइतकीच बोलते.

कथा मुलांची असली तरी तिला राजकारण चुकत नाही, हे १९९९ साली दिसून आले. चियापासमधील झापातिस्ता बंडखोरांचे प्रवक्ते सबकमांडर मार्कोस यांची ‘रंगांची कथा’, ज्यात करड्या जगाला कंटाळलेले देव रंग शोधून काढतात आणि ते विसरू नयेत म्हणून मकाव पक्ष्याच्या अंगावर ओततात, एल पासोतील एका लहान प्रकाशनाने दोमितिला दोमिंगेझ या मासातेक चित्रकर्तीच्या चित्रांसह काढली. अमेरिकी सरकारच्या कला-निधीने मंजूर केलेले साडेसात हजार डॉलर ऐनवेळी मागे घेतले. त्यानंतर एका खासगी न्यासाने त्याच्या दुप्पट मदत दिली आणि पुस्तकाला मोठा वाचकवर्ग लाभला.

अलीकडचे सर्वांत आश्वासक काम छापील पुस्तकांच्या बाहेर झाले आहे. गाब्रिएला बादियो यांनी २०१३ मध्ये आरंभलेल्या ‘६८ आवाज’ या मालिकेत मेक्सिकोतील मूळ भाषांमधल्या कथा त्याच भाषांत, त्या बोलणाऱ्यांच्या आवाजात, छोट्या चलच्चित्रांतून ऐकायला मिळतात. मेक्सिकोने मान्य केलेल्या मूळ भाषांची संख्याही ६८ आहे. मराठीत या कथा आणू पाहणाऱ्या अनुवादकांनी आणि प्रकाशकांनी ‘ॲझ्टेक परीकथा’ अशा नावाखाली तिसऱ्या हाताने आलेला निनावी इंग्रजी मजकूर उचलण्याऐवजी मोन्तेहो आणि तोलेदो यांच्यापासून सुरुवात करावी, कथा कोणत्या लोकांची व कोणत्या भाषेतली हे पुस्तकाच्या पहिल्याच पानावर छापावे, आणि सूर्याला गती देण्यासाठी मरणारे देव गाळू नयेत.