प्रोजेक्टर राहू दे, माईक बघ!

‘काय गं पोरी, पडदा कुणासाठी लावतेस?’

स्टँड ओढल्याचा आवाज ऐकून पहिल्या रांगेतल्या काकांनी विचारलं आणि मी तिथेच थिजले. वांगणीतली एक छोटी खोली, पन्नासेक खुर्च्या, आणि बसलेल्यांपैकी बहुतेकांना दिसत नव्हतं. हे मला आधीपासून माहीत होतं, बरं का. तरी ‘मीटिंगचा सेटअप’ म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिला प्रोजेक्टरच आला. लोकलच्या गर्दीतून तो सांभाळत आणलाही होता!

बदलापूरच्या पुढचं स्टेशन वांगणी. मुंबईच्या मानाने इथे घरं स्वस्त, म्हणून अनेक दृष्टिहीन कुटुंबं इथे राहायला आली. त्यातले बरेच जण लोकलमध्ये वस्तू विकून घर चालवतात. आपल्यातल्या अनेकांना हे गाव कळलं ते १७ एप्रिल २०२१च्या सीसीटीव्ही व्हिडिओमुळे. दृष्टिहीन आईसोबत चालणारं मूल रुळावर पडलं आणि समोरून गाडी येत असताना पॉइंट्समन मयूर शेळके यांनी धावत जाऊन त्याला वाचवलं. म्हणजे वांगणी आपण पाहिली. ऐकली नाही.

त्या दिवशीचा विषय होता यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. माहिती देणाऱ्या मॅडम पुण्याहून ऑनलाइन बोलणार होत्या. एखाद्या कागदाचं नाव नीट ऐकू आलं नाही, तर हॉस्पिटलची एक फेरी फुकट आणि त्या दिवसाचा धंदाही बुडाला. त्यामुळे सगळी मदार आवाजावर.

आणि पहिल्याच मिनिटाला स्पीकर किंचाळला. चूक माझीच. स्पीकर माईकच्या मागे ठेवले होते. त्यांचा आवाज माईकमध्ये शिरतो, मोठा होऊन परत बाहेर येतो, पुन्हा शिरतो, तीच ती शिट्टी. स्पीकर माईकच्या पुढे, तोंड श्रोत्यांकडे; माईक ओठांपासून चार बोटांवर; आणि व्हॉल्यूम जरा कमी. झालं काम.

मग मॅडम म्हणाल्या, ‘मला माझाच आवाज परत ऐकू येतोय.’ मिक्सरमधून लॅपटॉपकडे जाणाऱ्या वायरीत मी सगळंच सोडलं होतं, खुद्द त्यांचा आवाजसुद्धा. त्या वायरीत फक्त खोलीतला माईक ठेवला आणि एको गेला. (मागे एकाने फोनवरूनही तीच मीटिंग जॉइन केली होती. तो फोन म्यूट करायला लावला.)

लॅपटॉप सांभाळणारी माझ्याच वयाची मुलगी एनव्हीडीए वापरत होती. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं हे मोफत सॉफ्टवेअर २००६मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन आणि जेम्स तेह या दोन दृष्टिहीन मित्रांनी सुरू केलं. पण कोण आलं, कोण गेलं, हे सगळं हॉलभर ऐकू यायला लागलं. तिनेच दोन मिनिटांत तोडगा काढला. मीटिंगच्या सेटिंगमध्ये आवाज हॉलच्या स्पीकरला दिला आणि एनव्हीडीए स्वतःच्या हेडफोनला. मी बघत बसले.

वायरींची तर शरम वाटली. मधल्या वाटेत टेप मारून चिकटवल्या होत्या, कॉलेजात शिकवतात तशा. एका आजींची काठी त्या उंचवट्यावर अडली. मग सगळ्या वायरी उपसून भिंतीकडेने फिरवल्या आणि माईकवरून सांगितलं, ‘मधली वाट मोकळी आहे. प्रश्न विचारायचा माईक उजव्या हाताला आहे.’ हे सुरुवातीलाच सांगायला हवं होतं.

निम्मी माहिती झाली आणि पावसात लाइट गेली. राउटर बंद, अँप्लिफायर बंद. लॅपटॉप बॅटरीवर होता, म्हणून फोनचा हॉटस्पॉट लावला. रेंज दोन काड्या. दोन्हीकडचे कॅमेरे बंद केले, कारण सगळ्यात जास्त डेटा व्हिडिओच खातो. त्याने कुणाचं काहीच अडलं नाही! पण लॅपटॉपचा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे पोचेना.

तेव्हा पडद्याबद्दल विचारणारे काका उठले. ते स्टेशनांवर गाणी म्हणतात. खुर्चीखालून त्यांनी त्यांचा बॅटरीवरचा स्पीकर ओढला, माझ्याकडून ऑक्स केबल घेतली आणि न चाचपडता जॅक बरोबर भोकात बसवला. मॅडमचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला, कागदांची यादी पहिल्यापासून पुन्हा सांगून झाली.

निघताना मी तो स्पीकर नीट पाहिला. ऑक्सच्या भोकाशेजारी एम-सीलचा छोटासा टिपका होता. घरी आल्यावर तसाच एक मी माझ्या मिक्सरला लावला.