शेताची तहान कशी ओळखावी?

शेताला पाणी केव्हा द्यावे? प्रश्न सोपा वाटतो. वरची माती सुकलेली दिसली की आपण दारे धरतो. पण पुष्कळदा वीतभर खाली, मुळांपाशी, ओल असतेच. तेथे पाणी साचले की मुळांना हवा मिळत नाही; पीक पिवळे पडते. काळ्या जमिनीत निचरा नसताना वर्षानुवर्षे असे चालले, तर क्षार वर येतात. जमीन खारवते. ती पुन्हा पिकाऊ करायला फार कष्ट पडतात.

जुने शेतकरी जमीन उकरून मूठभर माती दाबून पाहत. गोळा झाला तर ओल आहे. भुगा झाला तर पाणी हवे. हीच परीक्षा आता यंत्रही करते.

माठ पाझरतो, हे आपणांस ठाऊक आहे. ओलमापक नळीच्या बुडाशी तशीच भाजलेल्या मातीची लहान वाटी असते. नळीत पाणी भरून ती मुळांपाशी पुरतात. माती सुकली की ती वाटीतून पाणी ओढून घेते. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने भातासाठी अशी नळी केली आहे. तिच्यावर हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे असतात. आतले पाणी उतरून पिवळ्या पट्ट्यात आले, की शेताला पाणी द्यायचे. पंजाबात उपशाने विहिरींचे पाणी खोल गेले आहे. तेथे वाचलेले पाणी मोलाचे!

दुसरे यंत्र विजेवर चालते. त्याला सेन्सर म्हणतात. ओल ठरल्यापेक्षा कमी झाली की तो खूण देतो आणि ठिबकचा व्हॉल्व्ह आपोआप उघडतो. ओल पुरेशी झाली की बंद होतो. रात्री थंडीत उठायला नको.

पण काळी माती निराळी, मुरमाड निराळी. म्हणून कृषी विद्यापीठांत पदवीनंतर शिकणारी मुले सेन्सर तपासून पाहतात. ती ओली माती तोलतात, 105 अंश उष्णतेच्या भट्टीत दिवसभर सुकवतात आणि पुन्हा तोलतात. 120 ग्रॅमची 100 ग्रॅम भरली, तर पाणी 20 ग्रॅम. मग यंत्राचा आकडा या हिशेबाशी जुळवतात.

यंत्रही चुकते. काळ्या मातीला भेगा पडल्या, की वाटी सुटी पडते आणि खोटे सांगते. म्हणून यंत्र वापरावे, पण अधूनमधून मूठभर माती दाबूनही पाहावी. उद्या पाणी सोडण्याआधी आपण एवढे करून पाहू या.