लाल भाताची चौदा अक्षरे

कोरगावला आत्याकडे गेले की सकाळी लाल तांदळाची पेज ठरलेली. हा तांदूळ कोरगुट. खाजणातल्या खारवलेल्या मातीतही तग धरून पिकणारा. आपल्या कानडी घरांतल्या केंपक्कीचाच हा भाऊबंद म्हणा ना!

गेल्या खेपेला माझ्या लेकीने विचारले, "आजी, हा भात लाल आणि आमच्या घरचा पांढरा, असं का?"

"बियाणंच तसलं गो!" आत्या म्हणाली.

उत्तर अगदी बरोबर होते. मग बियाण्यात काय असते, ते सांगायचे काम माझ्याकडे आले.

प्रत्येक पेशीत डीएनए असतो, पीळ दिलेल्या शिडीसारखा. त्यात चारच अक्षरे: ए, टी, जी, सी. 'ए'समोर 'टी' आणि 'जी'समोर 'सी' हीच जोडी जमते, म्हणून एका पदरावरून हुबेहूब नक्कल उतरवता येते. ही नक्कल, म्हणजे आरएनए, रायबोसोम तीन-तीन अक्षरांनी वाचतो आणि बहुतेक प्रत्येक तिकडीला एक अमिनो आम्ल जोडत प्रथिनाची माळ ओवतो. मध्ये ना मोकळी जागा, ना स्वल्पविराम.

मी लेकीच्या वहीत लिहिले: 'मदन सरळ सडक पकड'. आता 'द' खोडून पुन्हा तीन-तीन अक्षरे वाच, म्हटले. 'मनस रळस डकप कड'! ती खो-खो हसली.

पांढऱ्या तांदळाचे नेमके हेच झाले आहे. दाण्याच्या कोंड्यात लाल रंग भरायला आरसी नावाच्या जनुकाचे प्रथिन लागते. बहुतेक पांढऱ्या जातींत या जनुकातली 14 अक्षरे गळाली आहेत, हे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2006 साली दाखवले. चौदाला तिनाने भाग जात नाही. वाचन घसरते, 'थांबा' सांगणारी तिकडी अवेळी येते, प्रथिन अर्धवट राहते.

गंमत पुढेच आहे. अमेरिकेतल्या एका पांढऱ्या जातीत जवळचेच आणखी एक अक्षर आपसूक गळाले. चौदा आणि एक पंधरा. वाचन पुन्हा रुळावर आले आणि दाणा लाल झाला! 2008 साली हे प्रसिद्ध झाले.

पण असा योग क्वचितच. खाजणाचा बांध फुटून शेत पडीक राहिले, बियाणे संपले, तर मिठाशी झुंजणारी कोरगुटची अक्षरे पुन्हा कोण लिहून देणार? निघताना आत्याने पेजेपुरते तांदूळ बांधून दिले. बियाण्याच्या पोत्याला मात्र हात लावू दिला नाही.